८४ डीबीचे हट्टी स्पीकर: ॲम्प किती ताकदीचा घ्यावा?

खर्जवेडा (धागाकर्ता)

माहिती आधी देतो, म्हणजे प्रश्नोत्तरांत वेळ जाणार नाही. स्पीकर जमिनीवर उभे राहणारे, तीन-वे (खर्जाला वूफर, मधल्या स्वरांना मिडरेंज, वरच्या स्वरांना ट्विटर), प्रत्येकात दोन ८ इंची वूफर. कंपनीच्या पत्रकावर सेन्सिटिव्हिटी ८४ डीबी (२.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटरवर मिळणारा आवाज), नॉमिनल इम्पीडन्स (करंटला होणारा विरोध) ४ ओहम आणि "५० ते ३०० वॅटचा ॲम्प वापरावा" असं मोघम वाक्य. स्वतंत्र मोजणीचा आलेख मिळाला, त्यात ११० हर्ट्झला इम्पीडन्स २.९ ओहमपर्यंत उतरतो. ७५ हर्ट्झच्या आसपास तो ५ ओहम आहे, पण तिथे फेज (व्होल्टेज आणि करंट यांच्यातला कोन) उणे ४८ अंश. ट्विटर-मिडरेंजच्या क्रॉसओव्हरजवळ (जिथे स्वरांची वाटणी होते) २२ ओहमचा उंचवटा.

बसण्याची जागा ३ मीटरवर, खोली मध्यम आणि बंद. पातळी म्हणाल तर जागेवर सरासरी ८० डीबी, त्याहून जास्त नको. आत्ता ८० वॅटचा (८ ओहमला) एव्ही रिसीव्हर आहे. आवाज चढवला की ड्रमचा ठोका सपाट वाटतो आणि मध्येच "प्रोटेक्ट" येऊन रिले पडतो, आवाज बंद.

डोळ्यांसमोर तीन पर्याय आहेत:
क) क्लास एबी इंटिग्रेटेड (नेहमीच्या धाटणीचा, सगळं एकाच डब्यात), १२० वॅट ८ ओहमला, १८० वॅट ४ ओहमला. २ ओहमबद्दल पत्रक गप्प.
ख) क्लास डी (ट्रान्झिस्टर झपाट्याने चालू-बंद करणारा) पॉवर ॲम्प, १२५ / २५० / ३५० वॅट (८ / ४ / २ ओहम).
ग) व्हॉल्व्हचा, ४० वॅट, ४ आणि ८ ओहमचे टॅप.

८० पुरत नाही म्हणजे १२० घ्यावा, इतकं सरळ आहे का हे?

ओहमकार

नाही. आणि तुम्ही फेजचा आकडा दिलात म्हणून आधी आभार, नव्वद टक्के धाग्यांत तोच नसतो.

वॅट थोडा वेळ बाजूला ठेवा. पॉवर ॲम्प वॅट "देत" नाही, तो व्होल्टेज देतो. त्या व्होल्टेजला किती करंट ओढायचा हे स्पीकर ठरवतो. म्हणून दोन वेगळे प्रश्न विचारायचे: हव्या त्या आवाजाला किती व्होल्ट लागतात, आणि तेवढ्या व्होल्टला हा स्पीकर किती अँपिअर मागतो.

व्होल्ट काढू. सरासरी ८० डीबी, वर शिखरांसाठी १८ डीबी. दाबून मास्टर केलेल्या पॉप गाण्यात शिखर सरासरीच्या वर ८-१० डीबीच असतं, पण नीट ध्वनिमुद्रित पियानो, वाद्यवृंद, उघडे ड्रम १८-२० पर्यंत जातात. म्हणजे जागेवर ९८ डीबीची शिखरं. मोकळ्या मैदानात ३ मीटरला ९.५ डीबी पडतात, खोलीत भिंती मदत करतात म्हणून ७ धरू. दोन स्पीकर आहेत, त्याचे ३ परत मिळतात. ९८ + ७ − ३ = १०२ डीबी, एका स्पीकरकडून, १ मीटरला. स्पीकर २.८३ व्होल्टला ८४ देतो, म्हणजे १८ डीबी कमी पडतात. व्होल्टेजमध्ये १८ डीबी म्हणजे जवळपास ८ पट. २.८३ × ७.९४ = २२.५ व्होल्ट आरएमएस (साइन लहरीचं शिखर याच्या १.४१ पट).

आता करंट. ४ ओहमला २२.५ व्होल्ट म्हणजे ५.६ अँपिअर, १२६ वॅट. ११० हर्ट्झला, जिथे २.९ ओहम आहे, तिथे ७.८ अँपिअर आरएमएस, शिखराला ११ अँपिअर आणि साधारण १७५ वॅट. गंमत बघा, हेच २२.५ व्होल्ट ८ ओहमच्या साध्या स्पीकरला फक्त ६३ वॅट होतात. तुमच्या रिसीव्हरचे ८० वॅट म्हणजे ८ ओहमला २५.३ व्होल्ट. व्होल्ट त्याच्याकडे आहेत!

सुतार_पक्षी

ओहमकारांच्या गणितात एक गोष्ट ठळक करतो, कारण इथेच लोक फसतात. २.८३ व्होल्ट म्हणजे ८ ओहमला बरोबर १ वॅट. ४ ओहमला तेच २ वॅट. त्यामुळे "८४ डीबी, २.८३ व्होल्ट, ४ ओहम" हा स्पीकर वॅटच्या हिशेबात ८१ डीबीचा आहे. दुकानात शेजारी ठेवलेला ८४ डीबीचा ८ ओहमवाला स्पीकर ॲम्पकडून याच्या निम्मीच शक्ती घेईल. पत्रकावर "१ वॅट / १ मीटर" लिहिलंय की "२.८३ व्होल्ट / १ मीटर", हे वाचल्याशिवाय दोन स्पीकरांची तुलना करू नका.

आणि काही कंपन्या खोलीतली सेन्सिटिव्हिटी छापतात. तो आकडा दोन-तीन डीबी फुगलेला असतो.

निवांत_श्रोता

एवढी आकडेमोड कशाला? घरात ऐकताना सरासरी एक-दोन वॅटच खर्च होतात हे सगळ्यांना माहीत आहे. चांगला २५ वॅटचा ॲम्प कुठल्याही घराला पुरतो. बाकी सगळी विक्रेत्यांची हवा.

ओहमकार

सरासरीबद्दल सहमत. वरच्याच उदाहरणात सरासरी खर्च ४ ओहमला २ वॅट आहे, करून बघा. पण १८ डीबी म्हणजे ६३ पट. २ वॅटचे १२६ इथूनच आले. हे १२६ वॅट काही मिलिसेकंदांसाठीच लागतात, पण नेमके त्याच क्षणी नसले तर ठोक्याचं टोक कापलं जातं. धागाकर्त्यांना "ठोका सपाट" ऐकू येतंय ते हेच.

२५ वॅट पुरणारे स्पीकर आहेत. ९२ डीबी, ८ ओहम, फेज शांत. तिथे तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं.

कोनमापक

फेजबद्दल कुणी लिहिलं नाही अजून, आणि या स्पीकरचा खरा त्रास तिथे आहे.

साध्या रेझिस्टरवर व्होल्टेज आणि करंट हातात हात घालून चालतात. व्होल्टेज शिखरावर असतं तेव्हा करंटही शिखरावर. त्या वेळी आउटपुट ट्रान्झिस्टरवर उरलेलं व्होल्टेज कमी असतं, म्हणून करंट जास्त असूनही तो फार तापत नाही. फेज सरकली की करंट पुढे पळतो. व्होल्टेज अजून शून्याजवळ असतानाच करंट भरपूर, आणि ट्रान्झिस्टरवर जवळपास अख्खं सप्लाय व्होल्टेज. जास्त व्होल्ट गुणिले जास्त अँपिअर, सगळी उष्णता त्या चिमुकल्या चिपच्या पोटात.

हे मोजायला ईपीडीआर नावाचा आकडा वापरतात: हा स्पीकर ट्रान्झिस्टरला किती ओहमच्या शुद्ध रेझिस्टरइतका जड वाटतो. क्लास बी टप्प्यासाठी (लहरीचा प्रत्येक अर्धा भाग वेगळा ट्रान्झिस्टर सांभाळतो) गणित केलं तर ३० अंशाला इम्पीडन्स २.१ ने भागायचा, ४५ अंशाला २.८ ने, ५० अंशाला ३.१ ने. तुमच्या ७५ हर्ट्झच्या जागी ५ ओहम आणि ४८ अंश, भाजक साधारण ३. म्हणजे १.७ ओहम! पत्रकावर ४ लिहिलंय, आलेखात किमान २.९ दिसतंय आणि ट्रान्झिस्टर बिचारा १.७ ओहम ओढतोय.

म्हणून आलेख वाचताना नुसता खड्ड्याचा तळ पाहू नये. तळाशी फेज बहुधा शून्याजवळ असते. वाईट जागा खड्ड्यात उतरणाऱ्या उताराच्या मध्यावर असते. ६ ओहम आणि उणे ५० अंश ही जागा ३.५ ओहम आणि शून्य अंशापेक्षा कितीतरी जड.

"प्रोटेक्ट"चं कोडंही यातच आहे. बऱ्याच रिसीव्हरांतलं संरक्षण सर्किट ट्रान्झिस्टरवरचं व्होल्टेज आणि त्यातला करंट दोन्ही एकत्र बघतं. ८० वॅटच्या आत असूनही ते उडतं ते या कोनामुळे.

खर्जवेडा

कोनमापक, हे पहिल्यांदाच नीट कळलं. मग रिसीव्हरच्या मागे "४ ओहम / ८ ओहम" असा खटका आहे, तो ४ वर टाकला तर?

कोनमापक

त्याने ताकद वाढत नाही, घटते. बहुतेक रिसीव्हरांत तो खटका ट्रान्सफॉर्मरचा कमी व्होल्टेजचा टॅप निवडतो किंवा करंटवर मर्यादा आणतो. हेतू डबा कमी तापावा हा. प्रोटेक्ट कदाचित थांबेल, पण व्होल्टच कमी झाल्यामुळे क्लिपिंग (लहरीची टोकं कापली जाणं) आधी सुरू होईल. तुमचा रोग बरा होणार नाही, फक्त तापमापी फुटेल.

व्हॉल्व्हप्रेमी

"ग"ला कुणी विचारत नाहीये म्हणून मी. ४० वॅट व्हॉल्व्हचे म्हणजे ट्रान्झिस्टरचे १०० समजा. व्हॉल्व्ह क्लिप होताना गोलाईने होतो, कानाला बोचत नाही.

सुतार_पक्षी

गोलाईने होतो हे खरं, पण ४० चे १०० होत नाहीत. ४ ओहमच्या टॅपवर ४० वॅट म्हणजे १२.६ व्होल्ट. लागतात २२.५. पाच डीबी कमी. म्हणजे शिखरं ९८ ऐवजी ९३ ला थांबणार.

दुसरी अडचण आउटपुट इम्पीडन्सची, म्हणजे ॲम्पच्या स्वतःच्या अंतर्गत विरोधाची. फीडबॅक (आउटपुटचा काही भाग परत आत देऊन चूक सुधारणं) कमी असलेल्या व्हॉल्व्ह ॲम्पचा तो १ ते ३ ओहम असू शकतो. १.२ धरू. २.९ ओहमच्या जागी स्पीकरला २.९ / ४.१, म्हणजे ३ डीबी कमी मिळणार. २२ ओहमच्या उंचवट्याला जेमतेम अर्धा डीबी कमी. म्हणजे स्पीकर बनवणाऱ्याने सपाट केलेला प्रतिसाद घरी आल्यावर अडीच डीबीने वाकडा. ११० हर्ट्झचा भाग खाली बसणार आणि क्रॉसओव्हरजवळचा भाग पुढे येणार. कुणाला "मोकळा, जिवंत आवाज" वाटतो तो बरेचदा हाच असतो. आवडला तर आवडू दे, पण ते ॲम्पचं शौर्य नव्हे, भागाकार आहे.

व्हॉल्व्हप्रेमी

भागाकार मान्य. पण धागाकर्ते सरासरी ७५ डीबीवर ऐकणार असतील तर? पाच डीबी तिथेच भरून निघाले की.

सुतार_पक्षी

निघाले. ७५ ला तुमचा ४० वॅट काठोकाठ पुरतो, हे प्रामाणिकपणे मान्य करतो. वाकडेपणा मात्र तसाच राहतो, तो आवाजाच्या पातळीवर अवलंबून नाही.

बसबार

आता क आणि ख. इथे "४ ओहमला दुप्पट होतो का" या कसोटीबद्दल दोन शब्द, कारण ती अर्धवट समजून वापरली जाते.

"क" ८ ओहमला १२० वॅट म्हणजे ३१ व्होल्ट. ४ ओहमला १८० वॅट म्हणजे २६.८ व्होल्ट. १.३ डीबीची घसरण, वाईट नाही. लागणाऱ्या २२.५ च्या वरच आहे. प्रश्न आहे २.९ ओहमला ११ अँपिअरचं शिखर आणि ७५ हर्ट्झचा कोन. ४ ओहमच्या आकड्यातून एवढंच सिद्ध होतं की तो ९.५ अँपिअरचं शिखर देतो (२६.८ भागिले ४, गुणिले १.४१). त्यापुढे पत्रक गप्प आहे, आणि पत्रक गप्प असतं तेव्हा बहुधा सांगण्यासारखं नसतं. उडणार नाही, पण काठावर आहे.

"ख" २ ओहमला ३५० वॅट म्हणजे २६.५ व्होल्ट आणि १३.२ अँपिअर आरएमएस, शिखर १८.७. हे हवं होतं.

उलट फसवणूकही होते. एखादा ॲम्प ५० / १०० / २०० अशी सुंदर दुप्पट दाखवतो. पण त्याचे व्होल्ट २० च. तुमच्या कामाला एक डीबी कमीच. दुप्पट होणं म्हणजे सप्लाय ताठ आहे किंवा ८ ओहमचा आकडा मुद्दाम कमी छापलाय. पुरेसा आहे असा त्याचा अर्थ नाही.

ताठपणाचा एक साधा हिशेब: फिल्टर कपॅसिटर २०,००० मायक्रोफॅरडचा, मेन्स ५० हर्ट्झ, करंट ५ अँपिअर. रिपल (सप्लाय व्होल्टेजची चढउतार) ५ / (१०० × ०.०२) = २.५ व्होल्ट. १०,००० केला तर ५ व्होल्ट. तेवढं शिखर कमी झालं. पण कपॅसिटर वाढवून ट्रान्सफॉर्मर छोटाच ठेवला तर उपयोग मर्यादित. रिसीव्हरात एकाच ट्रान्सफॉर्मरवर सात-नऊ चॅनेल जगतात. "प्रति चॅनेल" आकडा बहुधा दोनच चॅनेल चालवून घेतलेला असतो.

निवांत_श्रोता

मग ते खोक्यासारखे छोटे क्लास डी "३०० वॅट + ३०० वॅट" वाले घेतले तर? हलके असतात, जागाही कमी खातात.

बसबार

त्यांच्या सोबत येणारी वीट (पॉवर ॲडॉप्टर) उलटी करून वाचा. ४८ व्होल्ट, ५ अँपिअर असेल तर ती सगळी मिळून २४० वॅट. ९० टक्के कार्यक्षमता धरली तर २१६ वॅट बाहेर, दोन चॅनेलमध्ये १०८. क्षणिक शिखरासाठी आतले कपॅसिटर थोडी भर घालतात, पण ६०० कुठून येणार? बरं, असे आकडे बरेचदा १० टक्के डिस्टॉर्शनला मोजलेले असतात, म्हणजे ॲम्प उघड उघड क्लिप होत असताना. १ टक्क्याला ते साधारण एक डीबी खाली येतात.

आणखी एक. साध्या क्लास डी मध्ये आउटपुटचा एलसी (कॉइल-कपॅसिटरचा) फिल्टर फीडबॅकच्या बाहेर असतो. मग १० किलोहर्ट्झच्या वर स्पीकरच्या इम्पीडन्सप्रमाणे तिखटपणा वर-खाली होतो. ४ ओहमला सपाट असलेला ॲम्प ८ ओहमला २० किलोहर्ट्झला दोन-तीन डीबी उचललेला दिसू शकतो. हायपेक्सच्या एनकोअर किंवा प्युरिफायच्या तयार क्लास डी मॉड्यूलमध्ये फीडबॅक फिल्टरनंतर घेतलेला असतो, तिथे हा प्रकार नाही. "ख" कोणत्या जातीचा आहे ते मोजणीचा आलेख बघून ठरवा: ४ आणि ८ ओहमच्या दोन रेषा एकमेकींवर बसल्या पाहिजेत.

मीटरमास्तर

अंदाज पुरे, मोजा. तुम्हाला नक्की किती व्होल्ट लागतात हे दहा मिनिटांत कळतं. साधा डिजिटल मल्टिमीटर पुरतो.

१२० हर्ट्झ साइनची (एकाच शुद्ध स्वराची) फाइल घ्या, पातळी उणे १२ डीबीएफएस (डिजिटल कमालीच्या १२ डीबी खाली). टोन कंट्रोल, लाउडनेस आणि रूम करेक्शन बंद. सबवूफर बंद, पुढचे स्पीकर सेटिंगमध्ये "लार्ज" (खर्जही त्यांनाच). आता नेहमीचं, सगळ्यात दणदणीत ध्वनिमुद्रण लावा आणि यापुढे कधीच वाढवणार नाही अशा ठिकाणी नॉब आणा. नॉबला हात न लावता संगीत थांबवा, ॲम्प बंद करा, स्पीकरच्या वायरी काढा, परत चालू करा. साइन लावा. मीटर एसी व्होल्टवर, एका चॅनेलच्या लाल आणि काळ्या टर्मिनलमध्ये. जो आकडा येईल त्याला ४ ने गुणा, कारण १२ डीबी म्हणजे चौपट. हे तुमचं कमाल व्होल्टेज.

१२० हर्ट्झ का? स्वस्त मीटर ४०० हर्ट्झच्या वर खोटं बोलायला लागतात.

दोन धोके. व्हॉल्व्ह ॲम्पवर स्पीकर काढून हे अजिबात करू नका, लोडशिवाय आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. आणि स्पीकर जोडलेले ठेवून पूर्ण पातळीची साइन वाजवू नका. संगीताची शिखरं क्षणिक असतात, साइन सलग असते. व्हॉइस कॉइलचा वास येईपर्यंत उशीर झालेला असतो.

खर्जवेडा

केलं. मीटरवर ५.१ व्होल्ट. दोन्ही चॅनेल सारखे.

मीटरमास्तर

५.१ × ४ = २०.४ व्होल्ट. ओहमकारांनी कागदावर काढलेल्या २२.५ च्या एक डीबीच्या आत. असं जुळून आलं की बरं वाटतं.

आता निदान पूर्ण. तुमच्या रिसीव्हरची ८ ओहमची मर्यादा २५.३ व्होल्ट, तुमची गरज २०.४. म्हणजे व्होल्टेज तुम्हाला आजही कमी पडत नाही. २.९ ओहमला २०.४ व्होल्ट म्हणजे ७ अँपिअर आरएमएस, शिखर १०, वर कोनाचा भार. रिसीव्हर तिथे बसतोय. तेव्हा "८० पुरत नाही, १२० घेऊ" हा मूळ विचार चुकीच्या दिशेने होता. ८ ओहमच्या आकड्यात ८० वरून १२० ही वाढ पावणेदोन डीबीची. ती कानाला जेमतेम कळते. तुम्हाला खालच्या ओहमला न वाकणारा ॲम्प हवा आहे.

निवांत_श्रोता

हे आवडलं. वाचनखूण साठवली.

एक शंका. दुसरा तसाच ८० वॅटचा घेऊन बाय-ॲम्प (वूफरला एक, ट्विटरला दुसरा) केलं तर? स्पीकरला मागे चार टर्मिनल असतातच.

ओहमकार

क्रॉसओव्हर स्पीकरच्या आत असताना बाय-ॲम्पने फार थोडं मिळतं. दोन्ही ॲम्पना अख्खा सिग्नलच जातो, दोघांनाही पूर्ण व्होल्टेज झुलवावं लागतं. ट्विटरवाला करंटच्या बाबतीत निवांत बसतो, पण जड काम ११० आणि ७५ हर्ट्झला आहे, ते वूफरवाल्याच्याच गळ्यात. रिसीव्हरमधलेच रिकामे चॅनेल वापरून केलं तर ट्रान्सफॉर्मर एकच, म्हणजे नावालाच.

ब्रिज करण्याचा (दोन चॅनेल मिळून एकच स्पीकर चालवण्याचा) विचार तर सोडूनच द्या. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला निम्मा इम्पीडन्स दिसतो. २.९ चे १.४५. कोन तसाच. ज्याला २.९ झेपत नाही त्याला त्याहून जड ओझं देणं झालं.

कोनमापक

क्लास एच्या (ज्यात ट्रान्झिस्टर कधीच बंद होत नाहीत) मोहाबद्दलही एक ओळ, कारण पुढचा प्रश्न तोच येणार. "२५ वॅट शुद्ध क्लास ए" म्हणजे ८ ओहमला. पुश-पुल टप्प्याला १.२५ अँपिअर बायस (सतत वाहणारा करंट) दिला तर क्लास ए २.५ अँपिअरच्या शिखरापर्यंत टिकतो. ८ ओहमला ते २५ वॅट, ४ ओहमला १२.५, तुमच्या खड्ड्यात ९. त्यापुढे तो सरळ क्लास एबी. वाईट काही नाही, पण हीटरचे पैसे ज्यासाठी दिले ते या स्पीकरवर अर्धंमुर्धंच मिळतं.

सुतार_पक्षी

अवांतर, पण "अवघड स्पीकर" ही एकच जात नाही, हे सांगायला हवं.

बीबीसीचा एलएस३/५ए घ्या. जेमतेम ८२-८३ डीबी, पण मूळ आवृत्ती १५ ओहमची. त्याला व्होल्ट हवेत, करंट नगण्य. आणि छोटा वूफर असल्याने खूप वॅट दिले तर तोच आपटतो. मॅग्नेपॅनचे पॅनेल ४ ओहमचे, सेन्सिटिव्हिटी कमी, पण जवळजवळ शुद्ध रेझिस्टर. करंट हवा, कोनाचा त्रास नाही. अपोजीचा सिंटिला १ ओहमच्या जोडणीत चालवता यायचा. तिथे वेल्डिंग मशीनची आठवण येते. आणि क्वाडचा इलेक्ट्रोस्टॅटिक इएसएल-५७ उलटा: कपॅसिटरसारखा लोड, वरच्या स्वरांत इम्पीडन्स खाली, आणि शिखराला ३३ व्होल्टची मर्यादा. त्यापुढे पॅनेलमध्ये ठिणगी पडते. तिथे "जास्त वॅट म्हणजे सुरक्षित" हा सल्ला थेट नुकसान करतो.

धागाकर्त्यांच्या स्पीकरला मात्र तिन्ही गोष्टी थोड्या थोड्या हव्यात: मध्यम व्होल्ट, भरपूर करंट, कोनाला न घाबरणारा आउटपुट टप्पा.

खर्जवेडा

जास्त ताकदीच्या ॲम्पने स्पीकर जळण्याची भीती? आणि "कमी ताकदीचा ॲम्प ट्विटर जाळतो" असंही वाचलंय. दोन्ही कसं खरं असेल?

मीटरमास्तर

जाळते ती उष्णता, आणि उष्णता येते सरासरी शक्तीने. ५० वॅटचा ॲम्प पूर्ण क्लिप होऊन चौकोनी लहर देऊ लागला की तो जवळपास १०० वॅट बाहेर टाकतो. वर शिखरं दाबली गेल्यामुळे बाकीचा आवाज, त्यात ट्विटरचा वाटाही, सरासरीने वाढतो. म्हणून छोटा ॲम्प रगडून वाजवला तर ट्विटर जातो. छोटा ॲम्प मर्यादेत वाजवला तर काही होत नाही. मोठा ॲम्प त्याच पातळीवर वाजवला तरी काही होत नाही. धोका हाताचा आहे, ॲम्पचा नाही.

नॉबवरून अंदाज बांधू नका. डॅकचे (डिजिटल सिग्नलचा ॲनालॉग करणाऱ्या यंत्राचे) २ व्होल्ट आणि ॲम्पचा गेन २६ डीबी, म्हणजे २० पट, असेल तर नॉब पूर्ण उघडल्यावर ४० व्होल्ट होतात. तुमचे २०.४ व्होल्ट त्यातल्या निम्म्यावर, म्हणजे कमालीच्या ६ डीबी खालीच येतात. "नॉब अजून अर्धाच आहे" म्हणजे ताकद शिल्लक आहे असं मुळीच नाही.

तारजुळव्या

वायरीचंही आटपून टाकू. ॲम्पपासून स्पीकर ४ मीटर, जाऊन-येऊन ८ मीटर तांबं. २.५ चौरस मिलिमीटरला ०.०५५ ओहम, १.५ ला ०.०९२, आणि ०.७५ च्या बारीक वायरीला ०.१८. किमान इम्पीडन्सच्या ५ टक्क्यांच्या आत राहायचं: २.९ चे ५ टक्के ०.१४५. तेव्हा १.५ चालते, २.५ निवांत, ०.७५ नको, तिने खड्ड्यात अर्धा डीबी जातो.

यावरून डॅम्पिंग फॅक्टरची (८ ओहम भागिले ॲम्पचा आउटपुट इम्पीडन्स) भानगडही मिटते. ॲम्पचा ५०० म्हणजे ०.०१६ ओहम. वायर एकटीच त्याच्या तिप्पट, आणि क्रॉसओव्हरच्या कॉइलचा ०.१-०.३ ओहम रेझिस्टन्स तर वेगळाच. ५०० आणि २००० मधला फरक तिथेच बुडून जातो.

बसबार

सबवूफर आहे का? ८० हर्ट्झला हाय-पास (खालचे स्वर अडवणारा फिल्टर) करून खालचं काम सबला दिलं तर ७५ हर्ट्झचा कोन बराचसा ॲम्पच्या वाट्यातून जातो. पण हाय-पास पॉवर ॲम्पच्या आधी हवा. नुसता सब जोडून पुढचे स्पीकर "लार्ज"च ठेवले तर ॲम्पवरचा भार तसूभरही कमी होत नाही. आणि ११० चा खड्डा तरीही उरतोच, तो क्रॉसओव्हरच्या वर आहे.

रूम करेक्शन वापरत असाल तर खालच्या पट्टीत किती उचल दिलीय ते बघा. ६ डीबी उचल म्हणजे तिथे चौपट वॅट. मीटरमास्तरांच्या २०.४ व्होल्टमध्ये ती धरलेली नाही.

खर्जवेडा

"ख"चा आलेख मिळाला. ४ आणि ८ ओहमच्या रेषा एकमेकींवर आहेत. माहितीपत्रकात करंट लिमिट २० अँपिअर दिलंय. रिसीव्हरला प्री-आउट (बाहेरच्या पॉवर ॲम्पला सिग्नल देणारी टर्मिनलं) आहेत, तेव्हा त्यालाच प्री म्हणून ठेवून "ख" जोडतो. सब आहे, सध्या स्पीकरच्या टर्मिनलवरून हाय-लेव्हलने जोडलेला.

मीटरमास्तर

२० अँपिअर म्हणजे तुमच्या १० च्या दुप्पट. झालं.

ते हाय-लेव्हल जोडणीचं मात्र थांबा. "ख"चं आउटपुट ब्रिज पद्धतीचं असेल तर काळं टर्मिनल जमिनीला नसतं, त्यावरही सिग्नल असतो. सबची काळी तार तिथे जोडली आणि सब दुसरीकडून अर्थ झालेला असला तर अर्धा आउटपुट टप्पा सरळ शॉर्ट. आधी दोन्ही ॲम्पची वीज काढा. मीटर ओहमवर ठेवून "ख"च्या काळ्या टर्मिनलपासून धातूच्या चासीपर्यंत मोजा. शून्याजवळ आलं तर काळं टर्मिनल जमिनीला आहे. तसं आलं नाही तर हाय-लेव्हल सोडा आणि रिसीव्हरच्या सब-आउटमधून आरसीए तार टाका. पुढचे स्पीकर "स्मॉल"वर टाकले की रिसीव्हरमधूनच हाय-पासही आयता मिळेल.

स्पीकर जोडण्याआधी "ख"च्या आउटपुटला मीटर डीसीवर लावा, नॉब शून्यावर. ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तर जोडा. वर १० सेंटीमीटर मोकळी जागा ठेवा, रिसीव्हरच्या डोक्यावर ठेवू नका.

खर्जवेडा

काळ्या टर्मिनलपासून चासीपर्यंत मीटर काहीच दाखवत नाही, ओपन. सबची हाय-लेव्हल तार काढून टाकली, आरसीएवर गेलो. डीसी डावीकडे ४, उजवीकडे ७ मिलिव्होल्ट. आता स्पीकर जोडतोय.